आक्कांच्या दारातला आहार

सातारा सोडताना खिडकीची जागा मिळाली म्हणून मी खूश होते. पण कराडला गाडी बदलली आणि पुढे उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे अशी अडकले, की कुंडलला पोचेपर्यंत अंधार पडला. जैनांच्या घरी दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही. "तुमच्यापुरता भात टाकते की," सुमनआक्का म्हणाल्या. मी कसली टाकू देतेय. उपाशीच झोपले.

आक्का साताऱ्यात वर्षानुवर्षं माझ्या शेजारी होत्या, आता कुंडलला गावी असतात. त्यांचा धाकटा भाऊ बाळू दर भाऊबीजेला गुळाची ढेप खांद्यावर घेऊन यायचा. जिन्यातूनच हाका मारायचा, आमच्याही घरात शिरून चकल्यांचा डबा रिकामा करायचा. काय दंगा असायचा तो! अजूनही दिवाळी आली की जिना सुना वाटतो. मग बाळूने दीक्षा घेतली, दिगंबर मुनी झाला. त्यानंतर आक्कांनी त्याला पाहिलं नव्हतं. आता मुनींचा संघ कुंडलला मुक्कामी होता आणि आक्कांना एकदा त्याला जेवू घालायचं होतं.

सकाळी त्यांनी 'चौका' लावला (मुनींसाठी सोवळ्यातला स्वयंपाक). "महाराज मनात एक खूण धरून निघत्यात," त्या सांगू लागल्या. "कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या कलश. खूण दिसंल त्याच दारात थांबायचं. न्हाई दिसली तर उपास."

"तुम्ही काय धरणार?"

"कलश. तेच्या मनातलं तेला ठावं. पन मला भ्या येगळंच हाय. मी रडले तर अंतराय (विघ्न) हुतोय. घास तितंच सोडत्यात. मग उद्यापतूर पानी बी न्हाई."

मी शाळेत इतिहास शिकवायचे. मध्ययुगीन युरोपातले ख्रिस्ती मठ हा माझा आवडता धडा. घंटेवर उठणारे, मौन धरून जेवणारे, काही हवं तर बोटांनी खूण करणारे ते साधू. त्या खुणा मी वर्गात करून दाखवायचे आणि पोरं खिदळायची. गल्लीत उभी असताना तो वर्ग फार आठवला.

महाराज आले, आक्कांचा बाळूच. एका हातात कमंडलू, एका हातात मोरपिसांचा कुंचा. बरगड्या दिसत होत्या. शेजारचं दार ओलांडून ते आक्कांच्या कलशासमोर थांबले. आक्कांनी प्रदक्षिणा घातल्या, आत नेलं. मी उंबऱ्याबाहेरून पाहत होते. ते उभ्यानेच ओंजळीत जेवू लागले. आक्कांनी दूध पुढे केलं, ओंजळ मिटली. खीर पुढे केली, पुन्हा मिटली. गोड, दूध, मीठ सगळं सोडलेलं. मग आक्का अळणी वरणभाताचे घास ओंजळीत ठेवत राहिल्या, प्रत्येक घास निरखून. पदर तोंडात कोंबून उभी होते ती मी. शेवटी महाराज पाणी प्यायले, आशीर्वादाला हात उचलला आणि गेले. आहार पुरा झाला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

दुपारी आक्का स्टँडवर सोडायला आल्या. "कमाल केलीत आक्का," मी म्हटलं. "डोळ्यांत टिपूस नाही येऊ दिलंत."

त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. "आवं, आवरावं लागलंच न्हाई. रडूच आलं न्हाई मला. लय शोधला, पन बाळू कुटंच दिसला न्हाई."

गाडी कुंडलबाहेर पडली. महाराज सुखात असतील, त्यांनी स्वतः निवडलेली वाट आहे. पण आमचा बाळू गेला तो गेलाच, हे मला खिडकीशी बसल्यावर कळलं आणि हुंदका आवरेना. शेजारच्या म्हातारीने पाण्याची बाटली पुढे केली.

"म्हायेरास्नं निघालाय व्हय?"

मी हो म्हणाले.