धुऱ्यावर पालथं पडून

सुलतानपूरच्या आमच्या शेतात ज्वारी दाण्यावर आली की पाखरं तुटून पडायची. दादानं छर्ऱ्याची बंदूक आणली ती त्यांना मारायला नव्हे, उठवायला. शेताच्या पलीकडच्या टोकाला, बाभळीच्या उंच फांदीवर त्यानं तेलाचा रिकामा पिपा टांगला होता. छर्रा लागला की ठण्ण वाजायचं आणि अख्खा थवा उठायचा.

दादा फौजेच्या भरतीत धावून पास झाला होता, मेडिकल तेवढी राहिली होती. नेम धरायला मला त्यानंच शिकवलं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पालथं पडायचं, दोन्ही कोपरं मातीत रोवायची. "बंदूक हाडावर ठेव, मांसावर नाही. मांस थरथरते." तसं पडून मारलेला छर्रा वर पिप्याकडेच जायचा, म्हणून दादा बाभळीखाली बिनधास्त काम करायचा. उभ्यानं मात्र माझी नळी श्वासागणिक खालीवर व्हायची.

पण आमच्याकडं राखण म्हणजे उभं राहून गोफण फिरवणं. पडलेला राखणदार दिसला की वाटेनं जाणारा टोमणा मारणारच. त्या दिवशीही एकजण ओरडला, "काऊन बे, राखण करून राह्यला का झोपा काढून राह्यला?"

दादा असल्या बोलण्याला हसायचा. मला मिरच्या झोंबल्या. मी ताडकन उठलो आणि उभ्यानंच नेम धरला. दादा बाभळीखाली आहे हे मला ठाऊक होतं. चाप ओढताना नळी खाली आली. पिपा वाजला नाही, दादा ओरडला.

डावा डोळा गेला. मेडिकलची तारीख मोबाईलवर आली तेव्हा तो पट्टी बांधून बाजेवर पडला होता. मेसेज मीच वाचून दाखवला. गावात त्यानं बाभळीचा काटा लागला म्हणून सांगितलं, आणि मी ते तसंच चालू दिलं. त्याची मला अजून लाज वाटते.

आताही ज्वारी दाण्यावर आली की दादा धुऱ्यावर पालथा पडतो. परवा मी शेजारी बसलो होतो. पिपा वाजला, थवा उठला. मान न वळवता तो म्हणाला, "नेम धराले एकच डोळा लागते बे. भरतीवाल्याईले हे कोन सांगन?"

मी पुढचा छर्रा त्याच्या हातावर ठेवला.