मामांची वाकडी रेघ

आमच्या रेसिंग टीमचा एक नियम होता आणि तो मामांनी आणला होता. नट आवळणारा एक आणि त्यावर रेघ मारणारा दुसरा.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा. रिफायनरीत फिटर म्हणून उभा जन्म काढला. निवृत्त झाल्यावर बडोद्यात रावपुऱ्यातल्या घरात बसून मामींना कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकवू लागले, तेव्हा मामींनीच मला फोन केला. म्हणाल्या, "ह्यांना तुझ्या गाडीकडे घेऊन जा, नाहीतर मी माहेरी जाते." मी त्या वेळी बडोद्याजवळच्या सावली गावातल्या एका शेडमध्ये एका शेठची टीम सांभाळत होते. टीम म्हणजे काय, एक रेसिंग कार, एक ड्रायव्हर, एक चीफ मेकॅनिक, दोन फिटर आणि सगळ्यांवर ओरडायला मी. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत घोड्यांची निगा राखायचे. मामा म्हणत, आपण तेच करतोय, फक्त हा घोडा पेट्रोल पितो.

रेघ पिवळ्या रंगाची असे. नटावर सुरू होऊन शेजारच्या धातूवर उतरायची. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसायची, वाकून बघायलाही नको. पण रेघ मारणाऱ्याने आधी स्वतः टॉर्कचा पाना लावून बघायचा. नट पुरेसा घट्ट असला की तो पाना 'कट' असा आवाज करतो. कट ऐकल्याशिवाय रेघ नाही. दुसऱ्यांच्या कामावर मी हा नियम इतक्या कडकपणे पाळायची की फिटर मला मागून 'कटताई' म्हणत. मला ते आवडायचं, कबूल करते.

त्या वर्षी अर्धा सीझन झाला आणि आमचा चीफ मेकॅनिक दक्षिणेतल्या एका मोठ्या टीमकडे निघून गेला. नेमकं त्याच आठवड्यात गाडीचे नवे भाग आले होते. मागच्या सस्पेन्शनचे हलके आर्म, म्हणजे चाकं गाडीला जोडणारे दांडे, आणि नवा विंग, म्हणजे गाडीला मागून जमिनीवर दाबून धरणारी पाटी. पुढच्या शर्यतीआधी सगळं बसवायचं होतं. शेठनी घाईघाईने एक नवी इंजिनियर नेमली, बडोद्याचीच, नुकतीच बाहेरून शिकून आलेली. ती रुजू होईपर्यंत आर्म बसवायचं काम मामांनी घेतलं.

मामांचा हात थरथरतो हे मला तेव्हा ठाऊक होतं. बशीतून चहा प्यायची त्यांची जन्माची सवय, ती त्यांनी सोडून दिली होती आणि ग्लास दोन्ही हातांनी धरू लागले होते. मी बघितलं आणि गप्प बसले. मला भीती वाटत होती, दुसरं काय. हे शेठच्या लक्षात आलं तर मामा पुन्हा कुकरच्या शिट्ट्यांकडे जाणार.

मामांनी मागच्या चाकांजवळचे सगळे नट आवळले आणि रेघ मारायला मला बोलावलं. मी पेंटचा मार्कर घेतला आणि सरळ रेघा ओढत गेले. पाना लावलाच नाही. मामांच्या कामावर मी पाना लावायचा? ज्यांनी मला शाळेत असताना सायकलची चेन चढवायला शिकवली, त्यांची मी परीक्षा घ्यायची? उद्धटपणा वाटला मला तो. शिवाय मामांनी आवळलं म्हणजे आवळलं, असं मी धरून चालले.

तिसऱ्या दिवशी नवी इंजिनियर आली. तिला कोण कोणाचे मामा हे माहीत नव्हतं. तिने येताच पाना उचलला आणि गाडीचा एकेक नट तपासत सुटली. उजव्या मागच्या चाकाजवळ ती थांबली.

"दीदी," ती म्हणाली, "आ तो फरे छे."

नट फिरत होता. अर्धा आटा सहज फिरला. त्यावरची माझी रेघ मात्र छान, सरळ, पिवळीधमक. त्या दुपारी ड्रायव्हर तीच गाडी घेऊन चाचणीला निघणार होता.

मामा वाकले, नट बघितला आणि म्हणाले, "जागा अडचणीची होती. पाना दोनदा निसटला. तिसऱ्यांदा लावायचा राहिला. चूक माझी." मग माझ्याकडे वळले. एवढं रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "आणि तू? तपासलं नाहीस?"

"मामा, तुमच्या कामावर कसा..."

"नटाला काय ठाऊक मी तुझा मामा आहे ते?"

मी पन्नाशीची बाई, शेडमध्ये सगळ्यांसमोर रडले.

शेठ मनाने चांगला माणूस. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बेन, मामांना आता आराम द्या. आपण शाल-श्रीफळ देऊ, फोटो काढू, मानाने घरी पाठवू. तुम्हीच सांगा त्यांना." शाल-श्रीफळाचा मला त्या दिवसापासून राग आहे. माणसाला उचलून बाहेर ठेवायची ती गोड पद्धत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खंडेराव मार्केटमधून त्यांना आवडतात म्हणून सीताफळं घेतली आणि त्यांच्या घरी गेले. वाटेत वाक्यं जुळवत होते, एकही धड जुळलं नाही. मामांनी पिशवीत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "सीताफळं आणलीस म्हणजे काहीतरी वाईट सांगायला आलीस." मी फळं पिशवीतून काढून ठेवू लागले. तेच पुढे म्हणाले, "हे बघ, बारीक जागेत आवळणं आता माझ्याच्याने होत नाही. ते त्या नव्या पोरीला करू दे, तिचा हात सरस छे. पण टॉर्कचा पाना लांब असतो, दोन्ही हातांनी धरता येतो. कान तर शाबूत आहेत. मी तपासतो. शेठला सांग, एक शर्यत बघा, मग शाल आणा."

शेठला मी तसंच सांगितलं, थोड्या चढ्या आवाजात. ते एका शर्यतीला कबूल झाले.

मग आवळणारी ती आणि तपासणारे मामा अशी जोडी जमली. सुरुवातीला ती चिडायची. "मामा, तमे बेसो ने! विश्वास नथी?" मामा हसून म्हणायचे, "आहे की ग," आणि पाना लावायचे. कट. मग रेघ. थरथरत्या हाताने मारलेली ती रेघ शाईत पडलेली मुंगी चालत गेल्यासारखी दिसे. ती थट्टा करायची, मामा तिला स्वतःच्या डब्यातली भाकरवडी द्यायचे. नवे आर्म, नवा विंग, सगळी गाडी वाकड्या रेघांनी भरून गेली. मी लांबूनच बघायची आणि माझा जीव भांड्यात पडायचा.

शर्यतीच्या दिवशी सकाळी, दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर, गाडी पात्रता फेरीच्या रांगेत उभी होती. मी शेवटची चक्कर मारली. उजव्या मागच्या चाकाजवळ, त्याच नटावर, रेघ सरळ होती.

"ही कोणी मारली?"

"मी," इंजिनियर म्हणाली. "इंजिनजवळ काम निघालं म्हणून तो परत खोलावा लागला. मामा चहाला गेले होते. मीच आवळला, मीच तपासला. दीदी, बराबर छे."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या हातावर माझा पुरता विश्वास होता, आणि मला भीती त्याचीच वाटली. मी गाडी रांगेतून बाहेर काढायला लावली. ड्रायव्हरने बसल्या जागेवरून हात उडवले. शेठ लांबून ओरडत आले, काय झालं, काय तुटलं? काही तुटलं नाही, मी म्हटलं, मामा येऊ देत.

मामा आले. हात पँटला पुसले, गुडघ्यावर बसायला त्यांना वेळ लागला. आमच्यामागच्या गाड्या एकेक करून पुढे निघून जात होत्या. शेठ घड्याळाकडे बघत होते. मामांनी दोन्ही हातांनी पाना धरला.

कट.

सरळ रेघेच्या शेजारी त्यांनी आपली वाकडी रेघ ओढली आणि उठायला आधार म्हणून माझ्याकडे हात पुढे केला. मी तो धरला. थरथरत होता.

"घट्टच होता ग," ते म्हणाले.

"मला माहीत होतं," मी म्हणाले.