अक्कांनी जपलेली बॅटरी

साक्रीजवळच्या सौर प्रकल्पात मी वेळापत्रकं लावते. माळावर कंटेनरांमध्ये मोठ्या बॅटऱ्या आहेत. दुपारी उन्हाची वीज जास्त होते तेव्हा त्या भरायच्या. संध्याकाळी ऊन जातं, घरोघरी दिवे-पंखे लागतात आणि तारांमधला विजेचा दाब घसरतो, तेव्हा त्यांनी ती द्यायची. भरून नुसती ठेवलेली बॅटरी कुणाच्या उपयोगाची नाही, हे मी नव्या पोरांना रोज सांगते. त्यांना कळतं. घरी सासूबाईंना, म्हणजे अक्कांना, कळत नव्हतं.

आयुष्यभर चुलीचा धूर घेतल्यामुळे अक्कांची फुप्फुसं थकली आहेत. हवेतला ऑक्सिजन काढून नळीने नाकाशी देणारं मशीन डॉक्टरांनी घरी दिलं. संध्याकाळी लावायचं ते सकाळीच काढायचं, नाहीतर हृदयावर ताण येईल, असं त्यांनी बजावलं होतं. पण आमच्या गल्लीत संध्याकाळी ट्यूबलाइटसुद्धा धड पेटत नाही. दाब कमी झाला की मशीन टीं टीं करून बंद. म्हणून छतावर पॅनेल बसवले, खाली लिथियमची बॅटरी ठेवली. मुख्य लाइन ढेपाळली की बॅटरीने आपोआप काम हातात घ्यायचं. कागदावर सगळं चोख होतं.

एप्रिलमध्ये एकदा मी कामावरून आले तर अक्का ओट्यावर बसलेल्या, नळी खुंटीला, मशीन बंद. ओठ काळपट आणि श्वास वर-वर.

"अक्का, नळी कुठंय?"

"लाइट कम शे ना. बॅटरीवर चाली रायनं व्हतं, मीच बंद करं."

"अहो, त्यासाठीच तर बॅटरी आहे!"

"बठ्ठी लाइट आजच सरी गई, तं उद्या काय करशी?"

मी नळी लावली, मशीन सुरू केलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा फारच खाली होता. तो हळूहळू वर येईपर्यंत मी चिमटा धरून बसले. मग बोलले, आणि बरंच बोलले.

दोष नुसता अक्कांचा म्हणता येत नाही. त्या माहेरच्या बोदवडच्या. तिथे नळ कधी येईल त्याचा भरवसा नाही, त्यामुळे घरात हंडे, ड्रम, कळश्या सगळं काठोकाठ भरलेलं, आणि रिकामं भांडं दिसलं की बाईची झोप उडते. बॅटरीवरचे हिरवे दिवे सगळे पेटलेले असले की अक्का समाधानाने हात फिरवायच्या. त्यातला एक विझला की मशीन बंद.

मी त्यांच्याच वाटेने गेले. म्हटलं, "नळ यायच्या दिवशी तुम्ही ड्रममधलं शिळं पाणी ओतून देता की नाही? तसंच हे. रोज ऊन येतं. ड्रम भरलेलाच असेल तर नवं पाणी मावणार कुठे?"

"शिळा पानीले वास येस," अक्का म्हणाल्या. "लाइटले काय वास येस?"

नवरा जेवता जेवता हसला. त्याला म्हटलं, हसायचं असेल तर उद्यापासून संध्याकाळी तू घरी बस.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि समोर बसून राहिले. दिवेलागणीला दाब पडला, बॅटरीने काम हातात घेतलं, आणि अक्कांचा हात मशीनच्या बटणाकडे गेला. मी तो धरला. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "अक्का, आज वायर नही टाकी का वो? बाळ घामाघूम व्हई गयं!"

तेव्हा सगळा उलगडा झाला. शेजारणीची लेक बाळंतपणाला आली होती. दाब पडला की त्यांचा पंखा थांबायचा, आणि अक्का आमच्या बॅटरीला जोडलेली वायर भिंतीवरून त्यांना द्यायच्या. बाळाचा पंखा जास्त वेळ चालावा म्हणून स्वतःची नळी खुंटीला.

"स्वतःच्या श्वासाची काटकसर आणि गल्लीला वाटप?"

"मनं काय, मी म्हातारी. ते लेकरू शे."

मला राग कुणावर काढावा कळेना. मी हिशेब करून पाहिला. पंखा कितीसा खाणार? मशीन आणि पंखा दोन्ही सकाळपर्यंत आरामात चालतात. इतके दिवस कुणी विचारलंच नव्हतं. आणि मी सांगितलं असतं तरी अक्कांचा विश्वास हिरव्या दिव्यांवर.

शेवटी समजावणं सोडलं आणि नियम केला. शेजारणीलाही बोलावून तिच्यासमोर सांगितला: अक्कांच्या नाकात नळी असेल तरच वायर जोडायची. नळी निघाली की पंखा बंद.

"हाई काय दादागिरी शे?" अक्का म्हणाल्या.

"आहे," मी म्हटलं.

त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. बॅटरीचे दिवे विझताना बघवत नाही म्हणून खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायच्या. पण नळी नाकात असायची. आता दाब पडला की मी काही म्हणायच्या आत त्याच नळी चाचपून बघतात आणि भिंतीपलीकडे हाक देतात, "ए बाय, मी नळी लाई लिधी! लाव तुना पंखा!"