चित्राखालची कापलेली पट्टी

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या जुन्या शिळाछाप चित्रांवर पीएच.डी. करत होते. दगडावर चित्र काढून कागदावर उमटवायचं, अशी ती छपाई. शहरातल्या एका संग्राहकाकडे गोदावरीच्या घाटाचं असं एक चित्र होतं. ते आपल्या पणजोबांनी काढलं, जगात दुसरी प्रत नाही, असं ते सांगत. त्यांच्या पुस्तकात त्यावर एक अख्खं प्रकरणही होतं.

चार महिने खेटे घातल्यावर त्यांनी गंगापूर रोडच्या बंगल्यावर बोलावलं आणि तीन तास व्हरांड्यात बसवून ठेवलं. चित्र मिळालं जेमतेम पाच मिनिटं. घाटाच्या चौथ्या पायरीवर केसाएवढी पांढरी रेघ होती. छपाईच्या दगडालाच चरा गेलेला असणार. आणि चित्राखालची पट्टी, जिथे चित्रकाराचं नाव छापतात, ती सरळ रेषेत कापलेली होती. त्याबद्दल विचारताच त्यांनी चित्र काढून घेतलं आणि घरचे काय करतात म्हणून चौकशी केली. आमचा फुलांचा मळा आहे, आई बाजारात बसते, असं मी सांगितलं.

"मग फुलंच विका," ते म्हणाले. "हे तुमचं काम नाही."

त्यांनी माझ्या मार्गदर्शकांनाही फोन केला. मला विषय सोडावा लागला. कॉलेजात शिकवू लागले, पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

दहा-बारा वर्षांनी एका परदेशी संग्रहालयाने आपली चित्रं स्कॅन करून इंटरनेटवर टाकली. कॉलेज सुटल्यावर सायबर कॅफेत बसून मी ती एकेक उघडायचे. इथे कुणाची मर्जी सांभाळायची नव्हती. तिसऱ्या आठवड्यात तो घाट सापडला. चित्र मोठं करत चौथ्या पायरीवर गेले. तीच रेघ, म्हणजे दगडही तोच. खालची पट्टी शाबूत होती, आणि तिच्यावर भलत्याच चित्रकाराचं नाव.

मी घाई केली नाही. त्यांच्या जाहीर सत्काराची वाट पाहिली. भाषण संपल्यावर उभी राहिले आणि पट्टी कुठे गेली, असं विचारलं. वाळवीने खाल्ली, ते म्हणाले.

"वाळवी पट्टी लावून खात नाही, सर," मी म्हणाले आणि प्रिंटआउट अध्यक्षांच्या हातात दिला.

अध्यक्षांनी ते नाव माइकवर वाचलं. संग्राहक खिशात चष्मा शोधत राहिले. ते मी शेवटपर्यंत बघितलं.

पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत ते प्रकरण नव्हतं. मी जुना विषय पुन्हा नोंदवला. आई म्हणाली, म्हातारा माणूस, एकट्याला गाठून सांगायचं होतंस. मी तिला सांगितलं, मला भरलेलं सभागृहच हवं होतं.