धपाटा उद्याला ठेवा

“धपाटा उद्याला ठेवा,” असं म्हणत ती आयांचे उगारलेले हात खरोखरच धरायची.

पोरं आपली आई सोडून जिच्याकडे धावतात, अशी एखादी बाई तुमच्याही गल्लीत असेल. असली, तर माझं दुखणं तुम्हाला कळेल.

राजूरला ती अंगणवाडीत सेविका होती आणि मी शेजारच्या शाळेत मास्तरीण. ती सातवी पास, मी डी.एड. झालेली. पण पोराचं काही बिनसलं की गावातल्या बाया माझ्या दारावरून सरळ तिच्याकडे जायच्या. मला नुसतं “नमस्कार, बाई.” माझ्या अंगाचा असा तिळपापड व्हायचा!

अंगारकी जवळ आली की तिची तालीम सुरू. त्या दिवशी गावातल्या गणपतीच्या देवळात मुंगी शिरायला जागा नसते आणि एखाद-दुसरं पोर हरवतंच. म्हणून ती आठ दिवस आधी आयांना आणि पोरांना ओट्यावर जमवायची. पोरांना सांगायची, “हात सुटला का पळायचं न्हाई. हाय तिथंच बसायचं. माय येती.” मग आयांकडे वळायची. “आता तुमी. पोरगं सापडलं. काय करताल?”

एखादी प्रामाणिकपणे हात उगारून दाखवायची.

“बिलकुल न्हाई! घोर तुमच्या जिवाला लागला, मंग मार त्याला कामून? आज जवळ घ्या. धपाटा उद्याला ठेवा.”

बाया खो खो हसायच्या. पण जवळ घेऊन दाखवल्याशिवाय ती कुणाला घरी सोडत नसे, सासवांनासुद्धा नाही.

मलाही बोलवायला आली. “बाई, वैशूला घेऊन या की. एक डाव तुमी बी करा.”

“माझी पोरगी कशी सांभाळायची, ते तू मला शिकवणार?”

“न्हाई हो. मी आपली लेकरायला शिकवून राह्यले,” ती हसून म्हणाली. वर माझ्याच घरात चहा करून मलाच पाजला. अशा माणसावर राग तरी कसा काढायचा, सांगा!

मी गेले नाही. आणि त्याच अंगारकीला वैशूचा हात सुटला. सहा वर्षांची पोर. मी वेड्यासारखी ओरडत फिरले, “वैशे! सापड तू, तंगडंच मोडते तुझं!” एका नारळाच्या दुकानापुढून तर तीनदा गेले. तिथंच ती अंगणवाडीची बाई मला भेटली. माझा दंड धरून म्हणाली, “बाई, जरा गप ऱ्हा.” आणि रोजच्या आवाजात हाक मारली, “वैशू, ये बाई. कोनी मारत न्हाई.”

फळीखालच्या पोत्यांमागून माझी पोरगी बाहेर आली. म्हणजे तिन्ही वेळा मी तिला दिसले होते. वैशू धावली आणि जाऊन त्या बाईला बिलगली.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला त्या बाईचे हात तोडावेसे वाटले.

तिला ते कळलं असणार. तिनं गळ्यातली मिठी अलगद सोडवली. “मला काय बिलगती? भेव तर तुझ्या मायला वाटलं. जा, तिला धर.”

वैशू आली. हळूहळू, माझ्या हाताकडे बघत. मी मारलं नाही. पण ते बघणं मी आजही विसरले नाही.

मी त्या बाईचे आभार कधी मानले नाहीत. पुढे माझी बदली अंबडला झाली आणि एक नको असलेलं माणूस नजरेआड झालं म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला.

वैशू कॉलेजात असताना राजूरचा एक ओळखीचा माणूस ती अंगणवाडीची बाई वारल्याचं सांगून गेला. मी कणीक मळत होते. वैशू दारात उभी होती. तोवर रडायचं झालं की ती न्हाणीचं दार लावून घ्यायची. त्या दिवशी मात्र आत आली, माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि हुंदके देऊन रडली. मी पिठाच्या हातांनीच तिला धरून ठेवलं. इतक्या वर्षांनी पोर आपणहून माझ्याजवळ आली होती, आणि तीही त्या बाईसाठी.