ताळा जमलेलं गणित

लग्न, दोन मुलं आणि सासूबाईंचं आजारपण यांत अर्धवट राहिलेली एम.एस्सी. मी चाळिशीत पुन्हा हातात घेतली. एकच पेपर अडला होता, डिफरन्शिअल इक्वेशन्सचा. त्यात दोनदा आपटले. नियमाप्रमाणे आता शेवटची संधी होती. या वेळी गेला तर पदवीच गेली.

म्हणून विश्रांतवाडीहून बस धरून शनिवार पेठेत एका निवृत्त प्राध्यापकांकडे शिकायला जायचे. सर फी घेत नसत, बोलून वसूल करत. त्यांचा एक नियम होता. आलेलं उत्तर मूळ समीकरणात घालून ताळा केल्याशिवाय ते वहीकडे बघत नसत. मी काय तुमचा कॅल्क्युलेटर आहे का, हे पहिल्याच दिवशी ऐकवून झालं होतं.

त्या दिवशी मात्र परीक्षेला बसत नाही एवढं सांगून परतायचं, असं ठरवून गेले होते. कॉलेजातल्या एका मुलीने माझं वय विचारलं आणि ‘वाव मॅम, या वयात!’ म्हणाली. ते असं काही लागलं की बास. एवढ्या वर्षांनी हा उपद्व्याप करायला सांगितलाय कोणी?

पण मी तोंड उघडायच्या आत सरांनी गणित पुढ्यात टाकलं. y किती वेगाने वाढणार, ते y च्याच किमतीवर ठरत होतं, आणि सुरुवात शून्यापासून. म्हटलं, जाता जाता एवढं करू. y असलेलं पद भागून पलीकडे नेलं, इंटिग्रेट केलं, x चा घन आला. ताळा केला, चोख जमला. वही पुढे केली.

“भागलंत ते शून्य नाही, हे कोणी सांगितलं तुम्हाला?” सर म्हणाले.

शून्याने भागायचं नाही हे माझ्या सातवीतल्या लेकालाही ठाऊक आहे. y कायम शून्य राहिला, तरी समीकरण खरंच राहत होतं. ते उत्तर मी भागाकारात घालवून बसले होते. ताळा होतो तो हाती आलेल्या उत्तराचा. गेलेल्याचा कोण करणार? स्वतःचाच भयंकर राग आला.

म्हणजे दोन उत्तरं, असं मी म्हटलं, तर सरांनी नकारार्थी मान हलवली. मग मी आलेख काढत बसले. हळूहळू दिसलं. बराच वेळ शून्यावर आडवी रेघ, आणि मग कुठल्याही बिंदूपासून तोच घन वर चढतोय. ताळा केला. तोही जमला.

“सर, पण मग शून्यावर थांबायचं तरी किती?”

“हवं तितकं. समीकरणाची काही हरकत नाही.” एवढं बोलून ते चहा टाकायला आत गेले.

मला एकदम रडू आलं. ते परत यायच्या आत डोळे पुसले. कप ठेवत त्यांनी विचारलं, आल्या आल्या काहीतरी सांगणार होतात ना? मी म्हटलं, हो, परीक्षेपर्यंत रोज आले तर चालेल का?

“या. फक्त भागताना बघून भागा.”