सुशीला नावाची कोणी आमच्या घरी नव्हती

मी गाव सोडलं त्या सकाळी माय अनसिंगच्या मोटारथांब्यापर्यंत माझ्यासोबत चालत आली. माझी पत्र्याची पेटी तिनंच डोक्यावर घेतली होती. मॅट्रिक झालेल्या पोरानं ओझं उचललं तर लोक हसतील, असं तिचं म्हणणं. बाप पुढं चालत होता, मागं न पाहता. वाशीमची मोटार धुरळा उडवत आली, पेटी टपावर चढली. मी जागा धरून बसलो तेव्हा माय खिडकीखाली आली आणि हळूच म्हणाली, "नागपुरात फारम भरतांनी मायं नाव इचारलं, त तेच सांगजो. सुशीला. आता बदलू नको."

मोटार निघाली.

सुशीला नावाची कोणी आमच्या घरी नव्हती. ते नाव मी तयार केलं होतं, वाशीमच्या शाळेत, इंग्रजीच्या तासाला.

तुम्ही जे गावातच राहिलात आणि जे माझ्यासारखे पेट्या घेऊन निघून आलात, तुम्हा दोघांनाही हे सांगायचं राहून गेलं. आता पंचेचाळिशी उलटली. नागपुरात मी मास्तरांना इंग्रजी शिकवायला शिकवतो. स्टाफरूममध्ये मला अबोल आणि सभ्य समजतात. अबोल आहे हे खरं.

आमच्याकडे बाईला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखत. माय शिरपूरची, म्हणून ती शिरपूरवाली. बाप तिला "किसनाची माय" म्हणे. तिचं स्वतःचं नाव मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही याची लाजही नव्हती. उलट ज्याच्या मायचं नाव पोरांना कळलं, त्याचे हाल असत. भांडण झालं की पोरं लांब उभी राहून त्या नावानं ओरडत, आणि मग दगड चालत. मायचं नाव झाकून ठेवायची गोष्ट होती.

वाशीमच्या शाळेत इंग्रजीला सोवनी मास्तर होते. कोट घालणारे, खडूचा कण अंगावर पडू न देणारे. आमच्या रीडरमधला पोरगा सकाळी टेबलाशी बसून टोस्ट खाई आणि आईला थँक्यू म्हणे. सुट्टीत घरी गेलो तेव्हा मी मायला त्याचा अर्थ सांगितला. ती म्हणाली, "जेवल्यावर मायले असं म्हंतेत? मंग तो पोट्टा पाहुणा असन तिच्या घरी." बापानं विचारलं, इंग्रजीत बापाला काय म्हणतात?

"यू."

"आन गड्याले?"

"यू."

"आन बैलाले?"

बाप थोडा वेळ तंबाखू मळत राहिला. "मंग मायासंगं तू मराठीतच बोलत जाय," म्हणाला.

आज हे सांगताना हसू येतं. तेव्हा शाळेत असलं काही बोलायची सोय नव्हती. दर शनिवारी सोवनी मास्तर संभाषणाचा तास घेत. एकेकाला उभं करत आणि विचारत, व्हॉट इज युवर नेम, फादर्स नेम, मदर्स नेम. पुढच्या बाकांवर वकिलांची, व्यापाऱ्यांची मुलं. "माय मदर्स नेम इज कमला," असं ती खणखणीत सांगत. माझी पाळी आली तेव्हा मी मान खाली घालून उभा राहिलो. मोठ्या माणसापुढं आमच्याकडे तसंच उभं राहतात.

"लुक ॲट मी!" मास्तरांनी छडीच्या टोकानं माझी हनुवटी वर केली.

"शिरपूरवाली," मी म्हणालो.

"मी तुझ्या आईचं नाव विचारलं. मोटारीची पाटी वाचायला नाही सांगितली."

वर्ग फुटला. मास्तर स्वतः हसले नाहीत, हसू संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "अजून कोणाची आई बिननावाची आहे का? नाही? मग हा एकटाच. पुढच्या शनिवारी नाव घेऊन ये. तोवर माझ्या तासाला उभा." आठवडाभर मी उभा राहिलो. मारलं असतं तर विसरलो असतो.

मधल्या रविवारी घरी जाऊन मायला विचारलं. आधी ती हसली, मग तिचा चेहरा बंद झाला. "काहून पाह्यजे त्याले मायं नाव? त्याच्या घरी बाया नाहीत का?" नाव सांगितलं नाही.

शनिवारी मी म्हणालो, "माय मदर्स नेम इज सुशीला." शाळेमागं राहणाऱ्या डॉक्टरांच्या मुलीचं नाव होतं ते. "व्हेरी गुड!" मास्तर म्हणाले. "अवघड होतं का?" मी खाली बसलो. बाक इतका बरा मला कधी वाटला नव्हता.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी माय शाळेत आली. लुगड्याच्या ओच्यात तुरीच्या शेंगा. वर्गाच्या दाराशी उभी राहिली. मास्तरांनी विचारलं, "ही कोण?" मी म्हणालो, "माझी माय."

"ओहो! या, सुशीलाबाई, आत या."

माय हलली नाही. कोणाला बोलावलं ते पाहायला तिनं मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. मास्तरांच्या ओठाची एक बाजू उचलली गेली. त्यांना कळलं होतं. "तुम्ही सुशीलाबाईच ना?" त्यांनी सावकाश विचारलं. चाळीस पोरं वाट पाहत होती. मायनं माझ्याकडे पाहिलं. मी फरशी पाहत होतो.

तिनं पदर सारखा केला. "हो जी," ती म्हणाली. "मीच सुशीला." आणि ओच्यातल्या निम्म्या शेंगा मास्तरांच्या टेबलावर ठेवल्या.

फाटकापर्यंत मी तिला पोचवायला गेलो. ती रागावेल असं वाटलं होतं. म्हणाली, "बरं केलं बाप्पा. सोळा वर्साच्या पोट्ट्यानं मायचं बारसं केलं." आणि बाजाराकडे निघून गेली.

पुढं मतदानाच्या याद्या करायला गावात माणूस आला. बाकीच्या बाया "अमक्याची माय", "तमक्याच्या घरची" यापुढं जाईनात. माणूस वैतागला. माय मात्र पुढं झाली आणि म्हणाली, "लिहा, सुशीला." बापानं तिच्याकडे असं पाहिलं, जशी कोणी परकी बाई त्याच्या ओसरीवर उभी आहे. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून तिनं ते सरकारी कागदावरही पक्कं करून टाकलं. त्यानंतर दोन महिन्यांनी मी गाव सोडलं.

मी इंग्रजी आवडीनं शिकलो नाही. एका माणसाला उभं करायचं म्हणून शिकलो. नागपुरात खानावळीत जेवताना, कॉलेजच्या पायऱ्या चढताना, आरशासमोर समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचा सराव करताना तो माणूस माझ्यासमोर उभा असे, आणि मी त्याला बसू देत नसे. बी.ए. झालो, मग मास्तरकीची बी.टी. झालो. इंग्रजी तोंडी शिकवायची नवी पद्धत तेव्हा आली होती. ती जुन्या मास्तरांना शिकवायला उन्हाळ्यात नागपूरला वर्ग भरू लागले, आणि मला तिथं शिकवायला घेतलं. एकोणसाठच्या उन्हाळ्यात हजेरीच्या यादीत मला सोवनी मास्तरांचं नाव दिसलं.

केस पांढरे झाले होते. कोट तोच असावा, अंगावर सैल झाला होता. त्यांनी मला ओळखलं नाही. चार दिवस मी त्यांना हातही लावला नाही. एखादा पदार्थ मुरू द्यावा तसा वाशीमचा तो शनिवार मुरू दिला. त्यांचं व्याकरण चोख होतं, पण एक साधं वाक्य बोलताना त्यांना घाम फुटे. आयुष्यभर त्यांनी फक्त प्रश्न विचारले होते.

पाचव्या दिवशी प्रात्यक्षिकाला मी त्यांना पुढं बोलावलं. समोर चाळीस शिक्षक, त्यांत पाच-सहा बाया. मी विचारलं, "व्हॉट इज युवर वाइफ्स नेम?"

त्यांच्या पिढीतला माणूस चार लोकांत बायकोचं नाव घेत नसे. हे मला माहीत होतं, म्हणूनच विचारलं. त्यांनी मान खाली घातली.

"लुक ॲट मी, प्लीज," मी म्हणालो. "फुल सेंटेन्स."

कुणीतरी खुसखुसलं. मास्तरांनी गळा साफ केला. "माय वाइफ्स नेम इज... कमला."

वाशीमला शेजारणी त्यांच्या बायकोला रमाकाकू म्हणत. मी कितीदा ऐकलं होतं. म्हणजे हा माणूसही माझ्यासारखाच खोट्या नावामागं लपला होता. आणि आता जणू मी दाराशी उभा होतो, तिथं, जिथं माय उभी होती. तिनं माझं खोटं झाकलं तसं त्यांचं झाकायला "व्हेरी गुड" एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "मास्तर, वाशीमला तर तुमच्या घरी रमाकाकू होत्या. ही कमला कोण?"

मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, दोन घरं हायेत काय?" वर्ग फुटला. मी हसलो नाही, हसू संपेपर्यंत थांबलो. त्यांना बसा म्हटलं नाही. घंटा होईपर्यंत ते उभे होते.

गोड लागलं. खोटं कशाला सांगू.

तास संपल्यावर व्हरांड्यात ते माझ्याजवळ आले. डोळे बारीक करून पाहत राहिले. "तू किसन ना?" म्हणाले. "सुशीलाबाईंचा."

मी मान हलवली.

"बऱ्या आहेत ना त्या? त्या दिवशी मला कळलं होतं रे. पण त्या अशा काही 'हो जी' म्हणाल्या की पुढं विचारवलं नाही." एवढं बोलून ते नळावर पाणी प्यायला गेले. त्यांनी माफी मागितली नाही, मीही नाही. उरलेले दिवस ते शेवटच्या बाकावर बसले.

तुम्हाला वाटेल, मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. वाटत नाही. मला छडीचं ते टोक अजून हनुवटीला लागतं, आणि त्यांना उभं केलं ते बरंच केलं असं मी आजही म्हणतो. पण समोरच्याची लाज झाकायची, आमच्या दोघांपैकी कोणालाही न जमलेली गोष्ट एका अडाणी बाईनं एका क्षणात केली होती, आणि मोबदल्यात मी तिचं नाव खाल्लं. सोवनी मास्तरांचा सूड घेऊन झाला. ज्यानं मायचं बारसं केलं तो माणूस बाकी होता. त्याला मी आज इथं तुमच्यासमोर उभा केला आहे. त्याला बसा म्हणू नका.

त्याच वर्षी दिवाळीत मी मायला तिच्या माहेरी घेऊन गेलो; मी तिथं पहिल्यांदाच जात होतो. शिरपूरला जैनांच्या देवळाला आलेल्या यात्रेकरूंच्या गर्दीत मोटार थांबली. रस्त्यापलीकडे तिचा म्हातारा भाऊ काठी टेकून उभा होता. त्यानं तिला पाहिलं आणि तिथूनच मोठ्यानं हाक मारली. नावानं. सगळ्या बाजारात ऐकू गेलं.

"ओ!" माय म्हणाली. आणि पदर खांद्यावर पडलेला, पन्नाशीची ती बाई रस्ता ओलांडून जवळजवळ धावत गेली.

सुशीला म्हटल्यावर तिनं कधी ओ दिली नव्हती. हो जी म्हणाली होती.

माय गेली. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर सुशीला आहे, तिथं मीच सही केली. माझ्या मुली शाळेच्या फॉर्मवर आईचं नाव न अडखळता लिहितात, ते चांगलंच आहे. वर्गात तो प्रश्नोत्तरांचा धडा आला की मी पान उलटतो. अनसिंगकडचं शेत चुलतभावांकडे आहे, मी फारसा जात नाही. पण घर कुठलं असं कोणी विचारलं की मला आमचं गाव आठवत नाही, शिरपूरचा तो रस्ता आठवतो, जिथं मी कधी एक रात्र राहिलो नाही. हातात सुटकेस घेऊन मी मोटारीजवळ उभा आहे आणि मामाची हाक येते.

काय नाव होतं, ते तुम्हाला सांगणार नाही. सोवनी मास्तरांनी विचारलं होतं, त्यांनाही ते कधी मिळालं नाही.